सातवीतलं माझं नाव

फिलाडेल्फिया
सप्टेंबर १९६४

बाबा,

लांबूनच नमस्कार.

मी बरा आहे. लेटीआत्या पोटभर जेवू घालते. गोदीतलं काम सोडून लोखंडाच्या कारखान्यात लागलोय. ही तिसरी नोकरी, पण इथे टिकेन. हात थोडा भाजला होता, आता भरत आलाय. आईला सांगू नका.

तिचं पत्र मिळालं. आपली काळी पोरं त्यांच्या पोरांशेजारी बसू नयेत म्हणून गोऱ्यांनी पाच वर्षं कुलूप घातलेली शाळा कोर्टाने उघडायला लावली, हे ऐकून आत्या रडलीच.

पण तुम्ही स्वतः जाऊन सातवीत माझं नाव घातलंत म्हणे. बाबा, मी अठराचा झालो. शेजारी काम करणाऱ्या ऑटिसला सांगितलं, तर म्हणतो, "जा की! फक्त दाढी करून जा, नाहीतर मास्तर समजून पोरं उठून उभी राहतील." सगळे हसले. मीही हसलो, मग नळावर जाऊन तोंड धुतलं.

शाळा उघडा म्हणून कोर्टात केलेल्या अर्जावर सही केलीत म्हणून वखारीतलं तुमचं काम गेलं. तेव्हा म्हणाला होतात, "काम दुसरं मिळेल, लुशियसला शाळा दुसरी मिळायची नाही."

धाकट्या व्हर्लीनला मात्र शाळेत न्या. नऊ वर्षांची झाली, अजून शाळा आतून पाहिलेली नाही. सहा वर्षांच्या पोरांत बसायला लाजेल, रडेल. तरी परत आणू नका.

माझं नाव तेवढं खोडायला सांगा. तुम्ही उशीर केला नाहीत, बाबा. निकाल यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात मी मोठा झालो.

तुमचाच,
लुशियस