कूलरसमोरचा कॉम्प्युटर

बाबा, आज कपाट आवरताना संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचं ते खोकं हाती आलं. परदेशी घरगुती कॉम्प्युटरच्या सर्किटच्या नकाशावरून मी घरीच जुळवलेली नक्कल त्यात अजून आहे; पडदा म्हणून तिला घरचाच टीव्ही जोडायचे. घरचा हातमाग बंद करून तुम्ही गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागलात, तेव्हा मागाच्या रिकाम्या जागेत मी सोल्डरिंगचा पसारा मांडला होता. "दिवसभर टीव्ही अडवून बसते. बातम्या कधी पाहाच्या आमी?" असं करवादलात, आणि दुसऱ्याच दिवशी खोक्यासाठी काटोलच्या संत्र्यांची पेटी स्वतः फोडून दिलीत.

मे महिन्यात ते यंत्र तापायचं आणि चालता चालता अडकायचं. नेमके तेव्हाच नवा कॉम्प्युटर क्लास काढणारे सर ते बघायला येणार होते. चाललं तर मला तिथे शिकवायची नोकरी, नाहीतर यंदा लग्न, असं घरात ठरलंच होतं. सर आले आणि यंत्र तापू नये म्हणून तुम्ही कूलर ओढून थेट त्याच्यासमोर लावलात. नागपुरात तापलेल्या प्रत्येक जिवाला हाच उतारा. उघड्या बोर्डावर शिंतोडे उडाले, पडद्यावर आडव्या रेघा आल्या, मग तेही नाही. सर चहा पिऊन गेले. मी रागाने टीव्हीची वायर उपटली. तुम्ही कूलर मागे ओढलात आणि म्हणालात, "मागावर धागा तुटला तं कोणाले बोलत नाई वं. सांधते अन् पुढं जाते." मला ते फार सोयीचं शहाणपण वाटलं.

बोर्ड वाळवला, एक चिप बदलली, सरांना पुन्हा बोलावलं. मला अजून दिसतंय: कूलर बंद, घराची भट्टी झालेली, आणि तुम्ही बनियनवर बसून ताडाच्या पंख्याने खोक्याला वारा घालताय. कोपरावरून घाम ठिबकतोय, तो बोर्डावर पडू नये म्हणून हात लांब धरलाय. "काका, थकले असाल," सर म्हणाले. "थकलो तं सांगीन न जी," तुम्ही म्हणालात. नोकरी मिळाली. माझं पुढचं सगळं त्या नोकरीतूनच आलं.

हे पत्र त्याच खोक्यात ठेवते आहे. एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. सर दुसऱ्यांदा यायच्या आधीच मी तापणाऱ्या भागाला ॲल्युमिनियमची मोठी पट्टी बसवली होती. यंत्र आता तापत नव्हतं, पंख्याची गरजच उरली नव्हती. तुम्ही पंखा घेऊन आलात आणि मी सरकून जागा दिली. मला तुम्ही शेजारी हवे होतात.