तू मला उपासाचं सांगितलं नव्हतंस

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डोंबिवलीच्या त्या आजींच्या घरचं तुझ्याशी बोलायचं राहिलंय. तेव्हा तू ऐकून घेतलं नाहीस. आता ऐक.

एकाच पेशंटकडे आपण दोघी, दिवसा तू, रात्री मी. लोकांना केवढं कौतुक, मायलेकी मिळून आजींचं करतात म्हणून! पण तुझ्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता, खरं सांगते. मी ट्रेनिंग घेतलेली नर्स, तू करत करत शिकलेली आया, आणि ते तुझ्या मनातून कधी गेलंच नाही. मी नीट घातलेलं अंथरूण तू आल्या आल्या उचकटून पुन्हा घालणार, तेही त्यांच्या सुनेच्या देखत. वर हसत हसत, "आमच्या पोरीचा हात जरा जडच आहे हो." आजी मात्र तुझ्यावर खूश. वेणी घालताना तू त्यांच्या माहेरच्या गोष्टी काढायचीस. मी दिसले की त्या तोंड फिरवायच्या, कारण डायबिटीसची सुई माझ्याकडे. रोज संध्याकाळी, जेवणाआधी.

त्या संध्याकाळी मी खोपटच्या घरून धावतपळत पोचले, तर तू पिशवी घेऊन दारातच उभी. मी नेहमीसारखं विचारलं, "नीट खाल्लं ना त्यांनी?" "हो गं, सगळं खाल्लं," म्हणालीस आणि चपला घातल्यास. मी सुई दिली. ताट वाढून आणलं तर आजी ते बाजूला सारतायत. "चंद्रोदय होऊ दे. संकष्टी आहे आज." मी ताट तिथेच खाली ठेवलं. "अहो, सकाळपासून काय खाल्लंत?" "चहा घेतला की. तुझ्या आईला ठाऊक आहे. घरात कुणाला सांगू नको म्हटलंय मी तिला." बोलता बोलताच त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. मी त्यांच्या गालात साखर लावत राहिले आणि त्यांच्या मुलाला डॉक्टरांकडे पळवलं. डॉक्टर आले, सलाइन लावलं, आजी वाचल्या.

सकाळी मुलगा जाब विचारायला उभा. मला वाटलं, आता आई येईल आणि सगळं सांगेल. तू आलीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. "मी तर हिला जाताना बजावलेलं, उपास आहे, सुई देऊ नको म्हणून. लक्षच नसतं हिचं." आजी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी "आई!" एवढंच म्हणाले. परक्या कुणी असं केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं गं! तू पोटच्या पोरीचा केसाने गळा कापलास, आणि मग वाटी घेऊन आजींना पेज भरवायला बसलीस.

मला त्याच दिवशी काढलं. ज्या बाई आपल्याला कामं मिळवून द्यायच्या, त्यांनीही मला परत कुठे पाठवलं नाही. घरी तू भाजी चिरत म्हणालीस, "तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे, तुला कुठेही काम मिळेल. मला या वयात कोण ठेवणार?" माफी नाही, काही नाही. वर म्हणतेस, "भात लाव." काम मिळालं मला, नाही असं नाही, पण किती महिन्यांनी, कल्याणच्या एका दवाखान्यात. तिथेही पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "डोंबिवलीला म्हातारीला उपाशीपोटी सुई दिली ती तूच ना?" तू आजींच्या शेवटापर्यंत त्या घरात होतीस, मानाने.

नवऱ्याला, लेकीला, सगळ्यांना मी हेच सांगत आले की आईने मला नुसतं बाजूला घेऊन विचारलं असतं, एवढं तुझ्या अंगावर घे म्हणून, तर मी आनंदाने घेतलं असतं. हा कागद कुठे धाडायचा नाहीये, म्हणून तुला खरं सांगते. नसतं घेतलं. तोंडावर नाही म्हणाले असते. आणि ते तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तू विचारलंच नाहीस.