लिहून दिलेली माफी

बा,

तुला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. दुपारी ड्युटी संपली, नेरच्या स्टँडवर सगळ्यांसोबत चहासुद्धा घेतला नाही, तशीच घरी आले, अंगावर अजून खाकी आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "आधी भाकर खाय, मंग बोल." नाही खात. आधी ऐकून घे. तुझ्यासमोर आवाज चढवायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि तू गेल्यावर लोकांनी तुझे इतके गोडवे गायले की माझा राग कुणापुढे काढायची सोयच राहिली नाही. तांड्याचा नायक, न्यायाचा माणूस, म्हणे. असशील. माझ्या बाबतीत नव्हतास.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. शहरात राहून शिकणारी आपल्या तांड्यातली पहिली पोरगी. परीक्षेत माझ्या बाकाखाली चिठ्ठी सापडली आणि विद्यापीठाची नोटीस आली, पालकांना घेऊन चौकशी समितीपुढे हजर राहा. चिठ्ठी माझी नव्हती. अक्षरही माझं नव्हतं. माझी उत्तरपत्रिका आणि ती चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली असती तर कुणालाही कळलं असतं. एवढंच सांगायचं होतं आणि तेवढंच मी बसमध्ये मनात घोकत होते. तू खिडकीशी बसला होतास. लाल पागोटं, धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी. विद्यापीठातल्या त्या खोलीत लांब टेबल आहे, पलीकडे चार जण बसलेत. मी तोंड उघडायच्या आत तू उठतोस, पागोटं काढून टेबलावर ठेवतोस आणि हात जोडतोस. "साहेब, पोरीची चूक झाली. लेकरू हाये. पदरात घ्या." मी तुझ्याकडे बघतच राहते. अध्यक्ष म्हणतात, हेच तिनं लिहून द्यावं. तू माझ्याकडे न बघता म्हणतोस, "लिही." मी लिहिते, सही करते. मग तू पिशवीतून कागदात बांधलेला गूळ काढतोस आणि अध्यक्षांपुढे धरतोस.

तू काय करत होतास ते मला तेव्हाही कळत होतं. तांड्याच्या पंचायतीत, आपल्या नसाबीत, असंच चालायचं. आरोप झाला की माणसानं आधी पागोटं उतरवायचं, चूक कबूल करायची. कबूल केलं की नायक ते पागोटं उचलून पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवायचा, गूळ वाटला जायचा आणि त्या विषयावर पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही. जो वाद घालत बसला तो माजलेला. तू स्वतः कित्येकांना असं सोडवलंस. तुला वाटलं, टेबलापलीकडे पंचच बसलेत. त्यांनी गुळाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, दारातला शिपाई तोंडावर हात धरून हसला. पागोटं कुणी उचललं नाही. शेवटी तूच उचललंस. पंधरा दिवसांनी कागद आला, विद्यार्थिनीच्या लेखी कबुलीवरून नोंदणी रद्द. त्यांच्याकडे दुसरा पुरावाच नव्हता, बा. पुरावा आपण आपल्या हातानं नेऊन दिला.

एवढ्यावर मी तुला माफ केलं असतं. तुला त्यांची रीत माहीत नव्हती, ठीक आहे. पण तू मला विचारलं नाहीस. नोटीस आली तेव्हा नाही, बसमध्ये नाही, परत येताना नाही, मरेपर्यंत नाही. "चिठ्ठी तुही होती का?" इतकंच विचारायचं होतं. चार परक्या माणसांनी म्हटलं आणि तू मान्य करून मोकळा झालास. कागद आला त्या दिवशी मी चुलीजवळ उभी राहून म्हटलं, वर अर्ज करता येत असन, मी करून पाहते. तू ताटावरून उठलास. "एकदा कबूल केलं का फिरायचं नाई. मी नायक आहो. लोक काय म्हनतीन?" याडी हळूच म्हणाली, "लेकीले बोलू तं द्या." तू तिच्याकडे असं पाहिलंस की तिनं पुढची भाकर थापायला घेतली. संपला माझा अर्ज. पुढच्या उन्हाळ्यात लग्न.

खरं शिक्षण मला एसटीच्या डेपोत मिळालं. कंडक्टर लागले त्या पहिल्याच वर्षी गाडी तपासायला साहेब चढले आणि एका म्हाताऱ्याजवळ तिकीट सापडलं नाही. मी दिलं होतं, त्यानं कुठंतरी पाडलं होतं. माझ्यावर रिपोर्ट झाला. मी तुझीच लेक, साहेबांच्या पाया पडायला निघाले होते. एका जुन्या कंडक्टर बाईनं दंडाला धरून मागं ओढलं. "काहून रडून राह्यली? तू तिकीट देल्लं ना? मंग आरोप काय तो लेखी माग. उत्तरात पयली ओळ लिही, आरोप अमान्य. मंग कारणं. अन् पोच घेतल्याबिगर कागद हातातून सोडू नको." तसंच केलं. चौकशीत सुटले. घरी येऊन मात्र खूप रडले, आणि ते सुटल्याच्या आनंदाचं रडणं नव्हतं. आरोप अमान्य. दोनच शब्द होते, बा. आपल्याला दोघांना ते कुणी शिकवले नव्हते, आणि मला सुचले असते तरी तू बोलू दिले नसतेस.

आता तुझ्या नातीचं सांगते. तू तिला चार वर्षांची पाहिलीस, आता ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तीन आठवडे घरी राहिली. माझं औषधपाणी, माझी अंघोळ, सगळं तिनं केलं. जाण्याआधी कॉलेजात रीतसर अर्ज दिला होता, पोच घेतली होती, ती माझी शिकवण. तरी परीक्षेच्या तोंडावर मोबाइलवर दोन ओळी आल्या, हजेरी अपुरी, नोंदणी रद्द. ना नोटीस, ना तुझं म्हणणं काय म्हणून विचारणं. तीन वर्षं शिकलेल्या पोरीचं नाव असं कापतात जसं काही यादीतलं एखादं सामान खोडावं. मी त्या रात्री झोपले नाही. मग एकेक दार ठोठावलं. आदेश कारणांसहित लेखी मागितला. हजेरीच्या रजिस्टरची नक्कल माहिती अधिकारात मागितली. यवतमाळला कोर्टात बायांना फुकट वकील मिळतो म्हणून कळलं, तर तिथं गेले. वकीलबाई म्हणाल्या, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नाव काढता येत नाही. आधी कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे जा, तिथं नाही ऐकलं तर विद्यापीठाचा लोकपाल आहे, तिथंही नाही तर नागपूरचं हायकोर्ट आहे. आणि निकाल लागेपर्यंत परीक्षेला बसू द्या, असा वेगळा अर्ज आजच द्या. मी ऐकत होते आणि मला तुझा संताप येत होता. तुझ्या वेळी यातलं काय काय होतं मला माहीत नाही. कागद आणि पेन तर होतं.

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी मी पोरीला बजावलं, काहीही झालं तरी माफी लिहून द्यायची नाही. तुझी गोष्ट सांगितली, तुझ्या नावानं बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आत गेलो. पुन्हा तसंच लांब टेबल. तिनं अर्ज दाखवला, पोच दाखवली, माझे दवाखान्याचे कागद ठेवले. त्यांनी ते कागद एकमेकांकडे फिरवले. तेव्हा अध्यक्षबाई एकदम गोड झाल्या. म्हणाल्या, "हे बघ, आम्हाला तुझं वाईट करायचं नाही. चूक झाली, एवढी एक ओळ लिहून दे. आम्ही सहानुभूतीनं विचार करू." कोरा कागद पुढं सरकवला. पोरगी शांतपणे म्हणाली, "चूक झाली नाही मॅडम. मी अर्ज देऊन गेलते. तुमचा जो निर्णय असेल तो कारणं लिहून द्या." आठ दिवसांनी पत्र आलं, आधीचा आदेश मागे, नोंदणी कायम. आज तिचा पहिला पेपर झाला. सोपा गेला म्हणे.

डेपोत सगळे माझं कौतुक करून राह्यले. बाईनं पोरीले कसं तयार केलं पाहा, असं म्हणतात, आणि मी ऐकून घेते. पण बा, कागद पुढं आला ना, तेव्हा मी टेबलाखालून तिची मांडी दाबली. समोरच्यांना कळू नये म्हणून आपल्या बोलीत हळूच म्हटलं, लिहून दे, मोकळी हो. कोण खरं, कोण खोटं, त्या घडीला मला काही नको होतं, फक्त तिचं वर्ष वाचायला हवं होतं. तिनं माझा हात धरून बाजूला केला आणि मग ती बोलली.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.