दादाच्या सीडीची प्रत

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. सोळा तारखेला, रविवारी, दादा गेला असं धरून त्याचं पुण्यानुमोदन! त्याची गाडी कारध्याच्या पुलावर सापडली, त्याला दोन वर्षं झाली. वैनगंगेत शोधलं. तो मिळाला नाही. कवडूमामा बाबांना म्हणाले, "आणखी किती वाट पाहान, भाऊजी? करून टाका आता." बाबांनी मान हलवली. आई चुलीपुढून उठलीच नाही. मला वाटलं रडू येईल. आलं नाही.

माझ्याकडे काम आलं — कार्यक्रमात दादाची सीडी वाजवायची, पाहुण्यांना तिच्या प्रती द्यायच्या. अड्याळात कॉम्प्युटरचं दुकान माझं, मग दुसरं कोण करणार! बरं झालं. हात गुंतलेले राहतील.

५ नोव्हेंबर

सीडी बाबांच्या गायन पार्टीची. चौथं गाणं एकट्या दादाचं. नागपूरच्या स्टुडिओत दोनच बनवल्या होत्या — एक घरी, एक दादाच्या गाडीच्या डिक्कीत. पुलावर डिक्की रिकामी होती. सीडी कुणीतरी लांबवली असेल, असं सगळे म्हणाले.

घरच्या सीडीवर ओरखडा. नेमका चौथ्या गाण्यावर.

सीडीवरून गाणी काढायचं पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं. पटकन सगळी गाणी काढून दिली, एकदम साफ. मग ऐकलं. शेवटच्या कडव्याआधी दादा दम घेतो, नाक ओढून — तो दमच गायब! जिथे वाचता आलं नाही तिथे त्याने मनानेच भरून टाकलं, आणि मला सांगितलंही नाही. ते सॉफ्टवेअरच उडवून टाकलं.

६ नोव्हेंबर

दुसरं चौथ्या गाण्यावर अडलं, ते अडलंच. निदान खरं तरी बोलतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबांना पहिल्या सॉफ्टवेअरने काढलेलं गाणं ऐकवलं. ते म्हणाले, चांगलं तर आहे, लोकांना काय कळतंय. आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तो असा नाही गात."

बस, एवढंच.

मांडववाल्याला सांगून झालं. भंतेजींना बाबा विहारात जाऊन भेटून आले. तांदूळ घरचाच, नव्या धानाचा. मी सगळ्याला हो म्हणते. आत काहीच हलत नाही. जेवते, झोपते, दुकान उघडते.

१२ नोव्हेंबर

तिसरं सॉफ्टवेअर. सेटिंग करता करता जीव गेला — आपला ड्राइव्ह किती सरकून वाचतो, हेही आधी सांगावं लागतं! पण भारी चिकट. ओरखड्यावरून पुन्हा पुन्हा फिरतं. दरवेळी सारखं आलं तरच घेतं. दादासारखंच — एक ओळ जमेपर्यंत बाबांचं डोकं खायचा.

शेवटी म्हणे नेटवर ताडून पाहतं. जगात आणखी कुणी याच सॉफ्टवेअरने हीच सीडी वाचून तिची नोंद झाली असेल, तर आपलं त्याच्याशी जुळतं का ते सांगतं. बाजारातल्या सीडींसाठी ठीक आहे. आमची कोणाशी ताडणार? तरी तो पर्याय बंद केला नाही. कंटाळा, दुसरं काय.

अर्ध्यावर लाइट गेली.

१३ नोव्हेंबर

आज दुकानात गर्दी. सीडीला हात लावला नाही. आईने दोनदा विचारलं, झालं का?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी चौथं गाणं पूर्ण निघालं. दम आहे. नाक ओढलेलंही आहे.

खाली हिरवी ओळ — अचूक. दुसऱ्या एका नोंदीशी जुळलं — म्हणजे दुसरी सीडी, डिक्कीतली. नाव नाही. नोंदीची तारीख बारा ऑक्टोबर. यंदाचीच!

डिक्कीतून सीडी लांबवणारा माणूस दोन वर्षांनी हे असलं किचकट सॉफ्टवेअर लावून बसत नाही. दादाच बसेल.

दुकान उघडंच टाकून घरी पळाले. रडत रडत सांगितलं, काय सांगत होते देव जाणे. आईने हात पुसले, बाबांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

"मांडववाल्याले लावा. नोको म्हना."