चेरीच्या रोपावरची चिठ्ठी

बॉबलिंगेन, शनिवार, १८ ऑक्टोबर २००८

नर्सरीत चेरीचं रोप निवडताना नजर सारखी त्या चिठ्ठीकडे जात होती: फळं चौथ्या वर्षापासून. विवेक म्हणाला, "कुंडीतलं बुटकं घे. दोन वर्षांत नाशिकला परत जायचंय ना?" हे आम्ही दोघांनी कधी ठरवलं? सासूबाईंना फोनवर त्यानेच परस्पर सांगून टाकलं! मी हट्टाने जमिनीत लावायचंच रोप उचललं आणि चिठ्ठी गुपचूप काढून खिशात कोंबली. लबाडीच केली ना मी?

संध्याकाळी मागच्या अंगणात खड्डा खणताना त्याने विचारलं, "फळं कधी येणार?"

खिशातली चिठ्ठी मुठीत आवळत मी म्हटलं, "बघू."

"चौथ्या वर्षी," तो म्हणाला. "मीही वाचलं होतं."

आणि पुन्हा खणायला लागला.