घरात राहणाऱ्या व्यक्ती

रविवार, ९ ऑक्टोबर

प्रिय ठोक्या,

आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण डॉक्टरच्या गुडघ्याकडे कोण लक्ष देतं! तुझं सुतारकामाचं दुकान बरं चाललंय, असं मावशीकडून कळलं.

पत्राचं कारण तसं सरकारी आहे. चार महिन्यांपूर्वी दवाखान्याला नोटीस आली. राहत्या इमारतीत डॉक्टरला दवाखाना चालवता येतो, पण त्याने स्वतः तिथेच राहायला हवं आणि घराचा तिसरा हिस्साच वापरायला हवा. आपल्या तीन खोल्यांपैकी दोन मी वापरत आलोय, एक तपासायला आणि एक पेशंटना बसायला. नियम मला माहीत होता. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, म्हणून मीही गप्प बसलो.

कोणीतरी तक्रार केली होती. मी ठरवूनच टाकलं की हे काम वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचं. पूर्वी पेशंट जिन्यात बसायचे तेव्हा त्यांची कायमची कटकट असायची. चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या समोरून आल्या की कुलपाशी खटपट करत उभा राहायचो.

मंगळवारी कचेरीत सुनावणी होती. कारकुनाने फाइल पुढे सरकवली. तक्रार दोन वर्षांपूर्वीची निघाली, आणि अक्षर तुझ्या आईचं.

ओळखायला चष्माही लागला नाही. माझं अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून तीस वर्षं औषधाच्या पुड्यांवर तीच लिहायची, 'दिवसातून तीनदा, जेवणानंतर.' त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'तीनपैकी दोन खोल्या दवाखान्याने घेतल्या आहेत. नियमाप्रमाणे एक परत मिळावी. मुलगा आला तर त्याला झोपायला जागा नाही.' खाली सही. नाव लपवलंही नव्हतं.

मला ती किती वेळा म्हणाली होती, "त्याची खोली रिकामी करा हो." मी "बघू" म्हणायचो. माझ्या "बघू"चा अर्थ तिला पुरता ठाऊक होता, म्हणून बिचारी कचेरीत गेली. कचेरीनेही बघायला दोन वर्षं लावली. ती जाऊनच आता आठ महिने झाले.

संध्याकाळी वर जाऊन काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो डॉक्टर, मला वाटलं वहिनी गेल्या म्हणून तुम्ही सगळ्यांवरच रुसलात. बसा, चहा टाकते."

आता जे लिहायला इतका कागद खर्च केला, ते. तू कॉलेज सोडलंस तेव्हा मी म्हणालो होतो, "तुला डॉक्टर व्हायचं नाही ना, मग तुझी खोली तरी दवाखान्याच्या कामी येऊ दे." तू गेलास त्याच आठवड्यात तुझ्या पलंगाच्या फळ्या कापून मी पेशंटसाठी बाक करून घेतलं. आई गेली तेव्हा तू आलास आणि त्याच बाकावर झोपलास. पाय बाहेर लोंबत होते. सकाळी उठून तू फळीवरून हात फिरवलास. सुताराला लाकूड ओळखायला किती वेळ लागतो! मी ते पाहिलं, आणि रक्तदाबाचं यंत्र पुसत बसलो. चुकलो रे मी.

कारकून भला माणूस आहे. म्हणाला, "डॉक्टर, 'घरात राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात फक्त तुमचं नाव लिहा. एकट्या माणसाला सवलत मिळते, दोन्ही खोल्या दवाखान्याला राहतील." फॉर्म घरी आणला. माझं नाव लिहिलं. खालच्या रिकाम्या ओळीवर रेघ मारायची असते. ती काही माझ्याने मारवली नाही.

काल तुझी खोली रिकामी केली. पेशंट पुन्हा जिन्यात बसतील, काकू पुन्हा कटकट करतील, करू देत. बाक मोडून फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्यात. आखूड झाल्यात, नवीन तुकडे जोडावे लागतील. सुतार बोलावलेला नाही.

फॉर्म महिनाअखेरीस द्यायचा आहे.

या घरात सध्या एकटाच राहणारा,
तुझा बाबा