चरबीचा मुकादम

१२ जानेवारी १९७५, रविवार
रोजनिशीची माफी मागतो. मुलीने, सुलूने, नव्या वर्षाची म्हणून दिली आणि अकरा पानं कोरी गेली. काळजी करण्यातून सवड मिळाली नाही.

डॉक्टर म्हणतात, रक्तात कोलेस्टेरॉल वाढलंय. तूप, अंडी, कोलंबी बंद. स्वतः ते गाडीतून येतात आणि मला रोज चालायला सांगतात. उद्यापासून सगळं बंद. आज रविवार, कोलंबी आधीच आणलेली होती.

सुलू याच विषयात मुंबईला रिसर्च करते, म्हणून जेवताना तिलाच विचारलं. म्हणाली, शरीरातल्या प्रत्येक पेशीला चरबीचं दुपदरी कातडं असतं. चरबीचे कण त्यात इकडून तिकडे सरकत असतात. कोलेस्टेरॉल मध्ये शिरलं की आसपासचे कण खेटून, शिस्तीत उभे राहतात. बाकीकडे सैल. असे वेगळे तुकडे काचेच्या नळीत दिसतात. जिवंत पेशीत असतात का, ते ती शोधतेय.

मला एका मिनिटात समजलं. बत्तीस वर्षं भाईंदरच्या मिठागरात मुकादम होतो. मुकादम उभा असतो तिथे माणसं रांगेत, बाकीकडे विड्या. कोलेस्टेरॉल म्हणजे चरबीचा मुकादम! आणि डॉक्टर त्याला कामावरून काढायला निघालेत. सुलू हसली. म्हणाली, बाबा, लागतं तेवढं शरीर स्वतःच करतं, वरून तूप ओतू नका. पुढचं काही बोलली, तेव्हा मी भात वाढून घेत होतो.

१३ जानेवारी
पथ्य सुरू. तूप फक्त दोन चमचे. एकदम सोडलं तर शरीराला धक्का बसतो, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

१९ जानेवारी, रविवार
सुलूला विचारलं, सापडले का तुकडे? म्हणाली, अजून नक्की नाही बाबा. दोन वर्षं झाली! दोन हंगाम मीठ दिसलं नसतं तर शेठने मला खाडीत बुडवला असता. तिची स्कॉलरशिप मार्चमध्ये संपते. आणखी एक वर्ष मिळेल की नाही, ते तिच्या सरांच्या कमिटीवर. नाही मिळालं तर काम अर्धवट टाकून घरी. बायको, दुर्गा, म्हणाली, तुम्ही यात पडू नका. मी कशाला पडू?

२२ जानेवारी
पडलो. मिठागराची रीतच आहे, मजूर ढिला दिसला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, थेट शेठच्या कानावर घालायचं. शेठ दम देतो, मजूर सुधारतो, कामही टिकतं. कितीजणांची नोकरी मी अशी वाचवली. शेजारचा आल्बर्ट मूळचा उत्तनचा, ऑफिसात टायपिस्ट होता. त्याच्याकडून सरांना इंग्रजीत पत्र. मजकूर माझा: मुलगी हुशार, पण कामात ढिली. दोन वर्षांत एक तुकडा नाही. कान उपटावेत आणि एक वर्ष वाढवून द्यावं. खाली मुकादमाचा सिद्धांत, फुकट.

आल्बर्ट म्हणाला, धर्माजी, पोरीला इचारलंस काय? म्हटलं, तू टाईप कर.

२ फेब्रुवारी, रविवार
गेल्या रविवारी सुलू आली नाही, आजही नाही. पत्र लागू पडलं! मुलगी जोमाने कामाला लागली. तिच्या वाटणीची कोलंबी मीच खाल्ली. अन्न टाकू नये.

९ फेब्रुवारी, रविवार
आली नाही. जोम फारच दिसतोय. केबिन रोडवरून येताना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. गॅस.

२० फेब्रुवारी
सरांचं उत्तर आलं. आल्बर्टने वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मुलीचं काम उत्तम आहे. जिवंत पेशीत काय चालतं ते अजून जगात कुणालाच नक्की ठाऊक नाही, तेच ती शोधतेय. एक वर्ष वाढवून देण्याचं जवळजवळ ठरलं होतं. पण खुद्द वडिलांचं पत्र ऑफिसने फाइलला लावलं, कमिटीने प्रश्न विचारले, निर्णय एप्रिलवर गेला.

म्हणजे मार्चनंतर महिनाभर तिला पैसे नाहीत आणि पुढचं अधांतरी. आल्बर्ट एवढंच म्हणाला, चाय घेशील? नको म्हटलं. शेठ लोक असं कधी फाइलला लावत नसत.

२३ फेब्रुवारी, रविवार
दुर्गा एकटी सुलूच्या हॉस्टेलवर जाऊन आली. विचारलं, काय म्हणाली? तर म्हणे, ते पत्र सरांनी तिच्या हातात दिलं तेव्हा बाकीची पोरं तिथेच होती. म्हणाली, बाबांना सांग, मला दोन वर्षं जे कळलं नाही ते त्यांना एका जेवणात कळलं, तर आता कमिटीपुढे त्यांनीच उभं राहावं. दुर्गा हे सांगून भांडी घासायला गेली. तूप आज घेतलं नाही. इच्छाच नव्हती.

२ मार्च, रविवार
आल्बर्ट टाईप करायला नाही म्हणाला. सरांना मराठीतच लिहिलं, स्वतःच्या अक्षरात. कच्चा मजकूर इथे ठेवतो:

'मुलीच्या कामातलं मला काही कळत नाही. सातवी झालोय. आधीचं पत्र माझ्या अडाणीपणामुळे होतं, ते फाइलमधून काढावं, नाही तर हे त्याच्यावर लावावं.'

पहिलं वाक्य लिहायला तीन दिवस गेले. दुर्गाने वाचलं आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझ्यासाठी चहा टाकला.

सुलूलाही जोडकार्ड टाकतोय. उत्तराच्या अर्ध्यावर पत्ता मीच घातलाय, तिला फक्त खरडायचंय. त्यात लिहिलंय: सुलू, यायचं नसलं तर येऊ नकोस. कमिटीचं काय झालं तेवढं कळव. काही झालं नसलं तर तेही कळव. पण बाई, लवकर कळव.